खोक्यावर नसलेला आकडा

गॅरेजच्या दाराचा ओपनर घ्यायला गेलो तेव्हा दुकानात सात प्रकारची खोकी मांडलेली होती. प्रत्येकावर एचपी मोठ्या अक्षरात. त्याखाली आवाज किती कमी, दिवा किती लख्ख, फोनवरून उघडतो की नाही, कॅमेरा आहे की नाही. सातही खोकी फिरवून मी सगळ्या बाजू वाचल्या. हे यंत्र किती अंशांपर्यंत चालतं, ते एकाही खोक्यावर नव्हतं. दुकान होतं ॲरिझोनात, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरमध्ये, आणि महिना जुलै.

तक्रार क्षुल्लक वाटेल. पण फिनिक्समध्ये 2023 साली 30 जून ते 30 जुलै असे सलग 31 दिवस दुपारचा पारा रोज 110 फॅरनहाइट, म्हणजे 43 सेल्सियस, किंवा त्याहून वर होता. 2024 मध्ये सलग 113 दिवस दिवसाचा कमाल पारा 100 फॅरनहाइटच्या खाली राहिलाच नाही. 26 जून 1990 चा 122 चा, म्हणजे 50 सेल्सियसचा विक्रम अजून उभा आहे. हे आकडे विमानतळावरचे, सावलीत मोजलेले. माझं गॅरेज पश्चिमेकडे तोंड करून आहे. पत्र्याचं दार दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत थेट उन्हात असतं. संध्याकाळी पाचला आतून हात लावला तरी चटका बसतो. छताजवळ टांगलेला माझा थर्मामीटर जुलैत 50 सेल्सियसच्या आसपास रेंगाळतो. ओपनर टांगतात तो नेमका तिथेच, आणि गरम हवाही जाऊन बसते ती वरच.

मी मूळचा अकोल्याचा. उन्हाळा म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. पण अकोल्यात उन्हाळ्यात मोटर बिघडणार हे सगळ्यांनी धरलेलं असतं. कूलर घेताना वडील दुकानदाराला आधी विचारायचे, वाइंडिंग तांब्याचं आहे ना? पंखा मंद झाला की शाळकरी मुलगाही सांगायचा, कपॅसिटर गेला. इथे उन्हाळा त्याहून लांब आणि त्याहून कडक, तरी विकणारा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही आणि घेणारा विचारत नाही.

आमचं दार बिघडू लागलं ते गेल्या वर्षी जूनमध्ये. सोळा फूट रुंद, सात फूट उंच, दोन गाड्यांचं. या वस्तीत समोरचा दरवाजा पाहुण्यांसाठी. घरचे सगळे गॅरेजमधूनच ये-जा करतात. दार दिवसातून चारदा तरी उघडतं. एका संध्याकाळी बायको किराणा घेऊन आली, दार अर्ध्यावर गेलं आणि थांबलं. बटण दाबलं, नुसता घुं असा आवाज. गाडीत दूध, दही आणि मुलीची औषधं. वीस मिनिटांनी तेच दार काही न करता उघडलं. दुसऱ्या दिवशी परत तेच.

हे का होतं ते मला नंतर कळलं, आणि कळल्यावर राग आला, कारण सांगायला एक वाक्य पुरलं असतं. जुन्या एसी मोटरमध्ये थर्मल कट-ऑफ असतो. वाइंडिंग ठरावीक तापमानापर्यंत गेलं की तो मोटर बंद करतो, म्हणजे ती जळत नाही. गार प्रदेशात मोटर पाचसात वेळा लागोपाठ चालवली तर तिथवर पोचते. आमच्याकडे ती सुरुवातच 50 अंशांपासून करते. दोनदा उघडझाप झाली की हद्द आली. मग थंड व्हायला पंधरा मिनिटं लागावीत तिथे अर्धा तास लागतो, कारण भोवतालची हवाच तापलेली.

दुकानातल्या माणसाला हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि सर्वांत मोठ्या खोक्यावर हात ठेवला. सव्वा एचपी. आधीचा अर्ध्या एचपीचा होता, तो कमी पडत असणार. शेजारच्या मॉडेलबद्दल त्यानं आणखी एक सांगितलं: साखळीचा घेऊ नका, उन्हानं साखळी लांबते. घरी येऊन मी हिशोब केला. तीन मीटर पोलादी साखळी, तापमानात 30 अंशांचा फरक, तर वाढ साधारण एक मिलिमीटर. एका मिलिमीटरनं दार अडत नाही. उन्हाचा मोटरवर जो खरा परिणाम होतो तो दुकानातल्या माणसाच्या हिशोबात नाही, आणि जो होत नाही तो त्याला पाठ. सव्वा एचपीचं खोकं मी तरीही घेऊन आलो. दार अडलं की गाडीतलं दूध नासत होतं.

त्या रात्री अकोल्याला दादाशी बोलणं झालं. त्याचं कापडाचं दुकान आहे, तीस वर्षं रोज दोनदा शटर उचलतो आणि पाडतो. त्यानं विचारलं, "दार हातानं उचलून बघितलं का?" मी म्हटलं, "नाही रे." "मग मोटरला कशाला दोष देतोस? शटर जड झालं की आम्ही आधी स्प्रिंग बघतो."

दुसऱ्या दिवशी दार दुरुस्त करणारा मेकॅनिक आला, साठीतला, या धंद्यात मुरलेला. त्यानंही मोटरकडे पाहिलं नाही. आधी दार खाली आणलं, मग लाल दोरी ओढून ओपनर दारापासून सोडवला, दोन्ही हातांनी दार कमरेपर्यंत उचललं आणि हात किंचित सैल केले. चांगलं दार तिथेच थांबायला हवं. आमचं धाडकन खाली यायला लागलं, त्यानं ते मांडीवर अडवलं. मग विचारलं, दाराला हे थर्माकोल कधी लावलं?

आदल्या वर्षी लावलं होतं. गॅरेज तापू नये म्हणून दाराच्या आतून बसवायच्या इन्सुलेशनच्या पाट्या मिळतात, त्या मी एका रविवारी बसवल्या. उपयोगही झाला, आतला पारा दोनतीन अंशांनी उतरला. पण त्यानं दाराचं वजन वाढलं. गॅरेजचं दार उचलते ती मोटर नव्हे. दाराच्या वर आडव्या दांड्यावर पिळून बसवलेली टॉर्शन स्प्रिंग ते वजन पेलते. मोटर फक्त ढकलते आणि ओढते. दाराला वजन जोडलं की स्प्रिंग नव्यानं जुळवावी लागते, नाहीतर वरचा सगळा भार मोटरवर. ज्या पाकिटावर पाट्या कशा कापाव्यात याची चित्रं होती, त्यावर ही एक ओळ नव्हती. उन्हाला तोंड द्यायला आणलेल्या वस्तूनं दार जड केलं, जड दारानं मोटर तापवली, आणि दुकानानं मला मोठी मोटर विकली. जखम मांडीला, मलम शेंडीला.

स्प्रिंगचं आयुष्यही कुणी सांगत नाही. साधी स्प्रिंग सुमारे 10,000 उघडझापींसाठी बनवतात. दिवसाला चार म्हटलं तर सात वर्षांच्या आत संपते. आमची बारा वर्षांची होती. ती बदलणं मात्र स्वतः करू नका, कितीही अवजारं घरात असली तरी. पिळलेल्या स्प्रिंगमध्ये पूर्ण दाराचं वजन कोंडलेलं असतं, आणि सुटलेला दांडा मनगट मोडतो किंवा त्याहून वाईट करतो.

मेकॅनिकनं मग ओपनरचं झाकण काढून दाखवलं. आत मोटरच्या कडेला पिठासारखी पांढरी पूड साचली होती. मी समजलो धूळ. ती धूळ नव्हती, आतल्या नायलॉनच्या गिअरचा भुगा होता. वर्षभर जास्तीचं वजन ओढताना दाते झिजले. त्यानं पूड चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवली. एवढंच म्हणाला की स्प्रिंग आधी, ओपनर मग.

म्हणजे ओपनर घ्यायचा होताच. पण आता काय बघायचं ते कळलं होतं, आणि जे बघायचं तेच खोक्यावर नसतं. डीसी मोटरचा घ्यावा असं माझं मत झालं. ती हळू सुरू होते, हळू थांबते, दाराला हिसका देत नाही. साखळीऐवजी पट्टा घ्यायचा तर पोलादाच्या किंवा काचेच्या धाग्यांनी मजबूत केलेला, कारण नुसतं रबर उन्हात वयाआधी म्हातारं होतं. लांब स्क्रूवर चालणारा प्रकार इथे नको. त्याचं ग्रीस उन्हात पातळ होतं आणि पावसाळी वाऱ्याची धूळ धरून ठेवतं. दाराच्या बाजूला भिंतीवर बसणारा ओपनर महाग असतो आणि छताच्या गरम हवेपासून सुटतो असं म्हणतात. माझ्या गॅरेजात तो पश्चिमेच्या तापलेल्या दाराला चिकटून बसला असता, म्हणून मी घेतला नाही.

डीसी मोटरबरोबर सर्किट बोर्ड येतो, आणि त्यावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमानाच्या दर 10 अंश वाढीला साधारण निम्मं होतं, ही गोष्ट इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. बॅटरीचंही तसंच. वीज गेली तर दार उघडावं म्हणून आत छोटी सीलबंद बॅटरी देतात. आयुष्य मोजलेलं असतं 25 अंशांवर. इथल्या छतांशी ती दुसऱ्या उन्हाळ्यात संपते. शेजाऱ्यांच्या घरी ती ऑगस्टमध्ये रात्री अडीचला टुकटुक वाजायला लागली आणि थांबेना. वीज जाते तीही नेमकी ऑगस्टमध्ये, मान्सूनच्या वादळात, जेव्हा धुळीची भिंत गावावर चालून येते. ज्या दिवसांसाठी बॅटरी घ्यायची, त्याच दिवसांच्या आधी ती मरते. खोक्यावर बॅटरी हा शब्द असतो, तिची वर्षं नसतात.

आणखी एक राहिलं. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून जास्तीत जास्त सहा इंचांवर दोन डोळे असतात. एक इन्फ्रारेड किरण सोडतो, दुसरा पकडतो. मध्ये काही आलं की उतरणारं दार परत वर जातं. अमेरिकेत 1993 पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरना असं संरक्षण सक्तीचं आहे, कारण दाराखाली लहान मुलं सापडून जीव गेले होते. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे कलतो, आणि चारच्या पुढे त्याचं खालचं ऊन तिरपं येऊन उत्तरेकडच्या डोळ्यावर पडायचं. पकडणारा डोळा तोच होता. उन्हातल्या इन्फ्रारेडनं तो भरून जायचा, किरण दिसेना, आणि दार अर्धं उतरून परत चढायचं. पाहुणे फराळाला आलेले, आणि मी ड्राइव्हवेवर उभा राहून पायानं त्या डोळ्यावर सावली धरतोय, तेव्हा कुठे दार मिटलं.

उपाय दहा मिनिटांचा आहे. दोन डोळ्यांची अदलाबदल करायची, म्हणजे पकडणाऱ्याची पाठ उन्हाकडे होते. भिंगावर पुठ्ठ्याची छोटी नळी लावली तरी भागतं. धुळीच्या वादळानंतर मऊ सुती फडक्यानं पुसायचं. हे पुस्तिकेत नव्हतं, म्हणून लोक काय करतात ते मी पाहिलं आहे: डोळे काढून, समोरासमोर धरून, टेपनं छताला बांधतात. दार मग कायम बिनतक्रार मिटतं. त्या दाराखालून मुलं सायकली नेतात. मला याचा सगळ्यांत जास्त राग आहे. एक ओळ छापली असती तर कुणी ते डोळे बांधले नसते.

नवी स्प्रिंग बसली, दोन बोटांनी दार कमरेपर्यंत येतं आणि सोडलं की तिथेच थांबतं. त्यावर आधीच्याच ताकदीचा, अर्ध्या एचपीचा, डीसी मोटरचा आणि मजबूत पट्ट्याचा ओपनर घेतला. या उन्हाळ्यात तो एकदाही अडकला नाही. सव्वा एचपीचं खोकं न उघडता परत नेलं. काउंटरवरच्या मुलीनं परतीचा कागद पुढे केला. त्यावर कारणं छापलेली होती: सदोष, नको झालं, चुकीचा आकार. खाली रिकामी ओळ होती. तिथे मी लिहिलं, हे यंत्र किती अंशांपर्यंत चालतं ते खोक्यावर लिहिलेलं नाही.