पट्टीवाले भाऊ

कुठलीही नवी वस्तू शेजाऱ्याच्या आधी आपल्या घरात आली नाही, तर भाऊंना रात्री झोप लागत नाही. स्मार्टवॉच घेतलं तेव्हा महिनाभर ते न विचारताच लोकांना वेळ सांगत होते.

तारापूर एमआयडीसीतल्या लहानसहान कारखान्यांचे हिशेब भाऊ बघतात. राहायला पालघरला, ऑफिस बोईसरला. मी त्यांचा डहाणू लोकलमधला सोबती. मध्ये स्टेशन काय ते एक उमरोळी. तेवढ्या वेळात मांडीवर लॅपटॉप उघडून, दाखवून, मिटताही येतो, हे मला भाऊंमुळे कळलं.

२०१६च्या ऑक्टोबरात ॲपलने मॅकबुक प्रोच्या महागड्या मॉडेलांवरची एफ-वन, एफ-टूची अख्खी ओळ उडवली आणि तिथे काचेची उजळणारी पट्टी बसवली. टच बार. समोर जे काम चालू असेल तसं तिचं रूप बदलायचं: फोटोला फोटोची अवजारं, लिहायला बसलात तर शब्द आणि इमोजी. किंमत दीड लाखाच्या वर. भाऊंनी घेतला, पेढे वाटले.

"बोट फिरवा," ते म्हणायचे. आम्ही फिरवायचो. आवाज वाढायचा, कमी व्हायचा. "बघितलंत?" बघितलं होतं. उमरोळी यायची.

खरी परीक्षा ऑफिसात झाली. भाऊंचं पोट टॅलीवर, आणि टॅली चालते विंडोजवर. म्हणून मॅकमध्ये विंडोज घालून घेतलं. आता विंडोजमध्ये शिरलं की पट्टीची बरीचशी जादू मावळते. उरतो आवाज आणि उजेड. एफची बटणं हवी असतील तर एफएन दाबून धरायचं, मग ती काचेवर उगवतात. टॅलीचा तर सगळा कारभारच एफचा! पेमेंट एफ-फाइव्ह, रिसीट एफ-सिक्स, विक्री एफ-एट, खरेदी एफ-नाइन.

ऑफिसात चिंचणीहून येणारी एक बी.कॉम. झालेली मुलगी आहे. तिचा कीबोर्ड साधा, काळा, एफ-एटवरची अक्षरं घासून पार पुसलेली. बिलावरची नजर न काढता तिचं बोट वर जातं, खट्, की व्हाउचर हजर. शेजारी भाऊ: एफएन दाबायचं, मान खाली, चष्मा कपाळावरून नाकावर, काचेवर आठ शोधायचा, हलकेच टेकवायचं. काच दबत नाही, त्यामुळे लागलं की नाही हे बोटाला कळत नाही. मग ते बघायला मान वर. तोवर मुलीची तीन बिलं उरकलेली. एस्केपही काचेवरच. विचार करताना एस्केपवर बोट टेकून बसायची भाऊंची जुनी सवय. आता टेकलं की टॅली विचारायची, बाहेर पडायचं का?

त्यात मिनिटभर हात लावला नाही की पट्टी मंदावायची, मग विझायची. पहिल्यांदा भाऊ म्हणाले, "लाइट गेली वाटतं." आमच्याकडे हा अंदाज सहसा चुकत नाही.

मग जीएसटी आला. एका महिन्याच्या एकोणीस तारखेच्या रात्री, उद्या जीएसटीआर-३बी भरायचा म्हणताना, भाऊंनी मुकाट्याने कपाटातला जुना कीबोर्ड काढला. लॅपटॉपला जुन्या यूएसबीचं भोक नाही, म्हणून डोंगल. टेबलावर जागा नाही, म्हणून दोन खोडरबरांच्या आधाराने तो लॅपटॉपच्याच कीबोर्डवर आडवा ठेवला. मागून पट्टी डोकावत होती. मी तिच्याकडे बोट केलं, तर म्हणाले, "तिचं काम वेगळं आहे." कुठलं, ते सांगितलं नाही.

पट्टी वाईट नव्हती, असं माझं मत आहे. व्हिडिओ मागेपुढे सरकवायला ती छानच होती. पण भाऊंकडे व्हिडिओ नव्हते, व्हाउचरं होती.

२०१९च्या सोळा इंची मॉडेलवर ॲपलने खरंखुरं एस्केप परत दिलं, २०२१च्या नव्या मॉडेलांवर पूर्ण ओळच परतली, आणि २०२३च्या ऑक्टोबरात पट्टीवालं शेवटचं मॉडेलही बंद झालं. ही बातमी मी जरा जपूनच सांगितली. भाऊंचा चेहरा उजळला. "म्हणजे आपली आता दुर्मिळ झाली!"

परवा पालघर सुटताच त्यांनी नवा लॅपटॉप काढला. २०२४पासून विंडोजच्या नव्या लॅपटॉपांवर कोपायलटचं वेगळं बटण येऊ लागलंय, ते त्यावर होतं. "दाबा," म्हणाले. दाबलं. काही उमटायच्या आत बोईसर आलं.

ऑफिसात त्या मुलीने एवढंच विचारलं, "सर, यात एफ-एट आहे ना?"

आहे. विक्रीचं व्हाउचर अजून त्यावरच उघडतं.