काका, रबर वाळलं का?

प्रति,
गच्चीवर बॅट वाळत घालणारे काका,
आमचीच सोसायटी, विठ्ठलवाडी.



परवा आईच्या साबुदाण्याच्या पापड्या उलटायला गच्चीवर गेलो, तर प्लॅस्टिकच्या एका कोपऱ्यात, पापड्यांच्या रांगेत, तुमची टेबल टेनिसची बॅट काळं रबर वर करून पहुडली होती. कावळ्यांसाठी उघडून ठेवलेली आईची छत्री तुम्ही जरा सरकवलीही होती. बॅटवर सावली नको! केवढी ही माया.

गेले चार महिने मी समजत होतो की माझा हात बिघडलाय. टॉपस्पिनचा लूप मारला की पुढचा चेंडू जाळ्यात. मी दोन हजारांचं नवं रबर घेतलं, सकाळी उठून जोर काढले. आणि तुम्ही? तुम्ही उन्हाची वाट बघत होतात.

लाँग पिंपल्सची करामत मला ठाऊक आहे, काका. ते उंच, बारीक दाणे चेंडू लागताच वाकतात, त्याला नीट पकडत नाहीत. त्यामुळे माझी फिरकी पुसली जात नाही. चेंडू ज्या अंगाने फिरत आला त्याच अंगाने फिरत परत येतो आणि माझा टॉपस्पिन माझ्याकडेच बॅकस्पिन होऊन पोचतो. मी जितका जोर लावावा तितका तो जड. पिकवायचं मी, अडत खायची तुम्ही.

इथवरही माझी तक्रार नव्हती. पण दाण्यांना जी थोडीफार पकड असते तीही तुमच्या डोळ्यांत खुपली. ऊन देऊन देऊन तुम्ही त्यांना कडक आणि गुळगुळीत केलंत. घर्षणच उरलं नाही असली रबरं आंतरराष्ट्रीय महासंघाने २००८ मध्ये बाद केली. मंजूर रबरावरही ऊन, रसायन, काही म्हणजे काही करायचं नाही, असा नियम आहे. तुम्ही मात्र सोळा संस्कार मांडलेत.

तुम्ही म्हणाल, अरे, बॅटीच्या खोड्या जुन्याच आहेत. खरंय. १९५२ची जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत भरली, तेव्हा जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. चेंडूची टकटक ऐकून खेळणाऱ्यांना तिचा आवाजच येईना, आणि सातो विश्वविजेता होऊन गेला. पण तेव्हा त्या बॅटला बंदी नव्हती आणि त्याने ती लपवलीही नव्हती. जाडीचे नियम आले १९५९मध्ये. पुढे एकाच रंगाची दोन निराळी रबरं लावून हातात बॅट फिरवणारे बोकाळले, म्हणून १९८६पासून एक बाजू काळी, दुसरी लाल. आता लालऐवजी आणखी काही रंगही चालतात. थोडक्यात, तुमच्यासारख्यांच्या कृपेने नियमांचं पुस्तक जाड होत गेलं.

आणि हे दाणे काही पापी नाहीत हो. मनिका बत्राने बॅकहँडला लाँग पिंपल्स लावूनच २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सिंगापूरच्या फेंग तियानवेईला हरवलं, एकेरीचं सुवर्ण आणलं. बॅट फिरवून कधी दाणे, कधी साधं रबर पुढे करायचं म्हणजे मनगट आणि डोकं दोन्ही लागतं. तुम्हाला लागतं फक्त मे महिन्याचं आकाश.

गेम जिंकलात की तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे राहता. गावाच्या नावाला शोभतं. पण विठोबाचा काळा रंग असा गच्चीवर भाजून काढलेला नाही, एवढं ध्यानात असू द्या.

सामन्याआधी प्रतिस्पर्ध्याला बॅट दाखवायची, हाही नियमच आहे. रविवारी मी मागणार. बोट फिरवून बघणार. आणि तरीही खेळणार म्हणालात तर खेळू, पण लूप विसरा. फिरकी नसलेला मऊ चेंडू तुमच्या दाण्यांवर ठेवत राहीन. परत करायला काहीच नसलं की तुमची बॅट काय करते, ते सोसायटीला एकदा बघू दे.

आपला,
जाळ्यात चेंडू घालून दमलेला एक शेजारी

ता. क. पापड्या आईने काढल्या. तुमची बॅट तिथेच आहे. हात लावून म्हणाली, ‘‘यांचं अजून कच्चंच दिसतंय. एक ऊन लागेल.’’