गुंतागुंतीला गुण एक

मे महिना जवळ आला की अमेरिकेतल्या हायस्कुलांत राष्ट्राध्यक्ष घाऊक भावात पाठ होऊ लागतात. परीक्षा एपी यूएस हिस्टरीची, म्हणजे हायस्कुलातच कॉलेजच्या पातळीवर शिकायच्या अमेरिकी इतिहासाची. मुलं तिला ‘एपुश’ म्हणतात. ती घेणारं कॉलेज बोर्ड ना-नफा तत्त्वावर चालतं आणि एका पेपरचे जवळपास शंभर डॉलर घेतं. यात ज्याला विसंगती दिसते त्याने इतिहासाऐवजी वाणिज्य शाखेचा विचार करावा.

अभ्यासक्रम सुरू होतो 1491पासून, कोलंबसाच्या आदल्या वर्षापासून. ते दिवस बरे. त्यातलं कोणी आता न्यायालयात जात नाही. कसोटी लागते ती आधुनिक काळात. बहुपर्यायी भागात 55 प्रश्न, 55 मिनिटं. म्हणजे व्हिएतनाममधून बाहेर पडणं, जे राष्ट्राध्यक्षांना जमायला वर्षं लागली, ते विद्यार्थ्याने एका मिनिटात उरकायचं.

खरी मजा दस्तऐवजांच्या प्रश्नात. सात कागद, साठ मिनिटं, सात गुण. प्रबंधविधानाला एक, संदर्भाला एक, पुराव्यांना तीन, विश्लेषणाला दोन. त्या दोनातला एक गुण ‘गुंतागुंतीची जाण’ दाखवल्याबद्दल. म्हणून हुशार मुलं दर तिसऱ्या वाक्यात ‘तथापि’ पेरतात. 1942 साली रूझवेल्ट यांच्या आदेशानंतर सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांत बहुसंख्य अमेरिकी नागरिकच होते, छावण्यांत डांबलं. आदेशाचा क्रमांक 9066. सरकारने 1988मध्ये माफी मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी 20,000 डॉलर दिले. विद्यार्थ्याला एवढंच कळतं, की हा क्रमांक दिलेल्या कागदांत नसेल आणि आपण मुद्द्याला जोडून लिहिला, तर बाहेरचा पुरावा म्हणून एक गुण पदरात पडतो. रूझवेल्टवर रागवायला वेगळे गुण नाहीत, त्यामुळे कोणी रागवत नाही.

आयातशुल्काचा धडा मात्र नीट करावा. 1930च्या स्मूट-हॉली कायद्यावर सही करू नका, अशी हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी राष्ट्राध्यक्ष हूव्हरना विनंती केली. हूव्हरनी सही केली. इतर देशांनी उलट शुल्क लावलं, व्यापार आटला, मंदी आणखी खोल गेली. 2025च्या एप्रिलमध्ये व्हाइट हाउसच्या बागेत देशवार शुल्काचा तक्ता झळकला, तेव्हा परीक्षा महिन्यावर होती. सरकार स्वखर्चाने उजळणी घेतंय, असंच मुलांना वाटलं असणार.

आता नववा कालखंड. 1980पासून आजपर्यंत. रेगन, बर्लिनची भिंत, सोव्हिएत संघाचा शेवट, इंटरनेट, 11 सप्टेंबर, इराक, अफगाणिस्तान, ओबामा आणि नंतरचे सगळे मिळून पेपरात वजन 4 ते 6 टक्के. शिक्षक बिचारे वॉटरगेटपर्यंत पोहोचतात तोवर एप्रिल संपतो. ज्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांवर घरात जेवताना भांडणं होतात, ती शेवटच्या दोन तासांत स्लाइडवरून सरकवली जातात. मला यात शहाणपण दिसतं. पालकांचे फोन येत नाहीत.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावातल्या मराठी घरांत हा अभ्यास जरा निराळा रंगतो. ‘अपेक्षित’ चाळून बोर्डात आलेले बाबा विचारतात, “यातले महत्त्वाचे प्रश्न कुठले?” एरवी अमेरिकेच्या इतिहासाशी आपला काय संबंध, असं वाटणाऱ्या या घराचा संबंध पुस्तकात छापलेला असतो. 1923मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना ‘गोरे’ नसल्यामुळे नागरिकत्व नाकारलं. 1946मध्ये भारतीयांना वर्षाला 100 जागांचा कोटा मिळाला. आपल्याकडच्या एका सोसायटीतही त्याहून जास्त माणसं असतात. मग 1965च्या स्थलांतर कायद्याने देशवार कोट्यांची जुनी पद्धत मोडली आणि इंजिनियर-डॉक्टरांची विमानं भरू लागली. नात पुस्तकातून मान वर करून म्हणते, “आजोबा, तुम्ही सिलॅबसमध्ये आहात.” आजोबा चष्मा सारखा करून विचारतात, “किती मार्कांना?”

मोठ्या माणसांची या अभ्यासक्रमावरून होणारी भांडणं वेगळीच. 2014मध्ये नवा आराखडा आला आणि रिपब्लिकन राष्ट्रीय समितीने ठराव केला, की यात देशाची काळी बाजूच दाखवली आहे. ओक्लाहोमात तर पुढच्या वर्षी या विषयाचा सरकारी पैसाच तोडणारं विधेयक विधानसभेच्या समितीने 11 विरुद्ध 4 मतांनी संमत केलं. गवगवा झाल्यावर ते मागे पडलं. मात्र पहिला नंबर कोलोरॅडोतल्या जेफरसन काउंटीचा. तिथल्या शालेय मंडळात प्रस्ताव आला: पाठ्यसामग्रीने देशभक्ती आणि अधिकाराबद्दल आदर वाढवावा, कायदेभंगाला उत्तेजन देऊ नये. हे त्या देशात, ज्याने बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवून कारभाराला सुरुवात केली. ऐकून शेकडो विद्यार्थी वर्ग सोडून फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले. कायदेभंगाचं प्रात्यक्षिक इतकं वेळेवर कुठल्याच शिक्षकाला घेता आलं नसतं.

नोव्हेंबर 2015मध्ये मतदारांनी मंडळाच्या तीन बहुमतवाल्या सदस्यांना मुदतीआधीच घरी पाठवलं. घटना नवव्या कालखंडातली आहे, तेव्हा परीक्षार्थींनी ती ऑप्शनला टाकायला हरकत नाही.