बस हलली की थांबणारा गेम

भाचा चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलाय. परवा जेवायला आला आणि पहिल्याच घासाला म्हणाला, "मामा, मोबाइलवर खेळायला एखादा भारी गेम सांग ना. ॲडव्हेंचर, नाहीतर स्ट्रॅटेजी." मी सदर लिहितो म्हणजे मला सगळंच ठाऊक असणार, असा आमच्या घरात एक समज आहे आणि मी तो कधी खोडून काढलेला नाही. म्हणालो, "भोसरीहून निघून मोशी, कुरुळी, आंबेठाण चौक, तळेगाव चौक. एवढ्या लेव्हली रोज पार करून वेळेत पंचिंग करणाऱ्याला आणखी कसलं ॲडव्हेंचर हवंय?" तो हसला नाही. हाच विनोद त्यांच्या बसचा ड्रायव्हर रोज करतो म्हणे.

मग मामाची अब्रू राखायला मी एका सकाळी बसने चाकणला जाऊन आलो. जाऊन आलो हे दोन शब्दांत झालं, प्रत्यक्षात अर्धा दिवस गेला. बसमधली निम्मी मंडळी मान खाली घालून बसलेली, उरलेली निम्मी मान खाली घालून उभी. उभ्या माणसाचा एक हात वरच्या दांडीला. दुसऱ्या हातात मोबाइल, आणि सगळा कारभार एका अंगठ्यावर. रेंज येते-जाते. शेजारचा आपल्या स्क्रीनमध्ये डोकावून फुकट सल्ले देतो. आणि मुख्य म्हणजे बस तासभर हलत नाही, पण हलते तेव्हा अशी हलते, की हातातलं सगळं टाकून दांडी धरावी लागते.

गेमची यादी देणारे लोक हे बघत नाहीत. ते ग्राफिक्स सांगतात, रेटिंग सांगतात. मी परत येताना माझं इनकमिंग इन्स्पेक्शन ठरवून टाकलं. एका हाताने खेळता यायला हवा. नेट नसताना चालायला हवा. बस हलली की थांबायला हवा आणि थांबवल्याबद्दल त्याने आपलं काही नुकसान करायला नको. इंग्रजीचा पेपर सोडवतोय असं वाटू नये, ही सवलत मी माझ्याकडून जोडली. नापास माल लाल क्रेटमध्ये.

पहिला पास झाला 'मिनी मेट्रो'. न्यूझीलंडच्या मंडळींनी केलेला. पांढऱ्या पडद्यावर गोल, त्रिकोण, चौकोन अशी स्टेशनं उगवतात आणि आपण बोटाने रेघ ओढून ती जोडायची. त्रिकोणी प्रवाशाला त्रिकोणी स्टेशन हवं, चौकोन्याला चौकोनी. दर आठवड्याला एक नवीन गाडी मिळते. एखाद्या स्टेशनवर गर्दी फार वेळ तुंबली, की खेळ खलास. भाषेचा प्रश्नच नाही, आणि मध्ये थांबवून दांडी धरली तरी प्रवासी तक्रार करत नाहीत. त्यात मुंबईचा नकाशा आहे, आपला नाही. आपल्याकडे हा गेम जरा सावकाश चालतो. आपल्या मेट्रोची पिंपरी-चिंचवड महापालिका भवन ते फुगेवाडी ही रेघ ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, १ ऑगस्ट २०२३ ला सिव्हिल कोर्टापर्यंत गेली आणि २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटला टेकली. उलट्या दिशेला निगडीपर्यंतच्या साडेचार किलोमीटरांना केंद्राची मंजुरी २०२३ च्या ऑक्टोबरात मिळाली. चाकण नावाचा चौकोन मात्र कोपऱ्यात लाल होऊन कधीचा फुगतोय. गेममध्ये एवढ्यात खेळ संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं बटण आलं असतं.

खरी मजा आली ती 'द रूम'मध्ये. २०१२ सालचा ब्रिटिश गेम. एका खोलीत एक विचित्र पेटी. तिच्यावर कड्या, खिट्ट्या, चकत्या, चोरकप्पे. फिरवा, दाबा, सरकवा, उघडा. आत दुसरी पेटी. एक भिंग मिळतं, त्यातून बघितलं की लपलेल्या खुणा दिसतात. मारामारी नाही, घड्याळ नाही, कुणाचा जीव जात नाही.

हा मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना दाखवला. काकांची पिंपरीतल्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं फिटर म्हणून नोकरी झाली. निवृत्तीनंतर त्यांना दोनच कामं उरली आहेत, सोसायटीच्या पंपाला नावं ठेवणं आणि दुपारी न झोपणं. नाव ऐकून म्हणाले, "टूल कुठाय? नुसती रूमच?" मग चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि जॉबच्या कडेची बर तपासावी तसा काचेवरून अंगठा फिरवला. पेटी फिरली. एक खिट्टी सरकली, खट्ट वाजलं. काका थांबले. पुन्हा उलटी सरकवली, पुन्हा खट्ट. पाच-सहा वेळा तेच.

"काका, पुढे जा की."

"थांब रे. आवाज बरोबर आहे. पण या चावीला क्लिअरन्सच ठेवलेला नाही. दोन उन्हाळ्यांत अडकणार ही." मग एक दांडा फिरवून आतला दातेरी चाकांचा संच बघितला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी मोबाइल परत देत म्हणाले, "डिझाइनवाला पोरगा हुशार आहे. पण त्याने फाइल हातात धरलेली नाही कधी." हे त्यांच्या शब्दकोशात पुष्कळच कौतुक झालं. संध्याकाळी त्यांनी नातवाकडून तो गेम स्वतःच्या मोबाइलवर घालून घेतला. विकत. मिसळ महाग झाली म्हणून गेले वर्षभर फक्त शेव मागवणाऱ्या माणसाने विकत घेतला, हे मी मुद्दाम नमूद करतो.

कारण विकत आणि फुकट ही खरी मेख आहे. आपला माणूस गेमला पैसे द्यायचे म्हटलं की बिथरतो. "मोबाइलचा गेम आणि विकत?" आणि तोच पुढे फुकटच्या गेममध्ये हिरे, नाणी, तलवारीचा रंग, कोंबडीचा मुखवटा असं काय काय थोडं थोडं घेत महिन्याकाठी ओटीचे पैसे घालवून बसतो. विकतचा गेम दोघांच्या मिसळीइतक्या पैशांत एकदाच येतो, मग पुन्हा हात पसरत नाही. आणि तो संपतो. संपणं हा गेमचा गुण आहे. पाळी संपल्यावर जसं वाटतं तसं वाटतं.

लंडनच्या कंपनीचा २०१४ सालचा 'मॉन्युमेंट व्हॅली' असाच, दीड-दोन तासांत संपणारा. म्हणजे चाकणला एकदा नुसतं जाण्याइतका. पांढऱ्या कपड्यांतली इडा नावाची छोटी राजकन्या, आणि एशर या डच चित्रकाराच्या चित्रांतल्यासारख्या अशक्य इमारती. जिना फिरवला की वरचा मजला खालच्याला जाऊन मिळतो. फार सुंदर. उभा धरून एका अंगठ्याने खेळता येतो. मी तो मोठ्या अपेक्षेने भाच्याला दाखवला. त्याने डिप्लोमा केलाय. दोन मिनिटं बघून म्हणाला, "मामा, हा आयसोमेट्रिक व्ह्यू आहे. याचा टॉप व्ह्यू काढून दाखव." मग तो चहाच्या बिलाच्या मागे टॉप व्ह्यू काढत बसला आणि गेम राहिला. ड्रॉइंगला केटी लागलेली माणसं असल्या गोष्टी विसरत नाहीत.

स्ट्रॅटेजी म्हणून त्याला दिला 'द बॅटल ऑफ पॉलिटोपिया'. स्वीडनचा. एक टोळी घ्यायची, नकाशावरचा अंधार हटवायचा, गावं ताब्यात घ्यायची, मासेमारी, शिकार, घोडदौड अशी एकेक विद्या शिकायची. आपली चाल झाली की समोरच्याची, त्यामुळे बस कितीही हलली तरी शत्रू आपली वाट बघत सभ्यपणे थांबतो. एक प्रकार बरोब्बर तीस चालींत संपतो. सुरुवातीच्या टोळ्या फुकट, बाकीच्या हव्या तर विकत, आणि नाही घेतल्या तरी कुणी टोचत नाही. एक बारकावा मात्र फारच ओळखीचा वाटला. जेवढी गावं गिळाल तेवढी प्रत्येक नवी विद्या महाग होत जाते. महापालिकेच्या हद्दवाढीवर बोलणाऱ्या सगळ्यांना हा गेम सक्तीचा करावा.

'८० डेज'ला मी वाचनालयाच्या कपाटात ठेवतो. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नवर जे वाढले त्यांनी जरूर घ्यावा. फॉगसाहेबांचा नोकर होऊन १८७२ च्या लंडनमधून निघायचं, सामान काय घ्यायचं, बोट की आगगाडी, हे आपण ठरवायचं. पण त्यात पाच लाखांहून अधिक शब्द आहेत आणि सगळे इंग्रजी. सेकंड शिफ्ट करून आलेल्या माणसाला तो देणं क्रूरपणा होईल.

आपल्या पुण्याच्या पोरांनी केलेला 'राजी' हातांच्या परीक्षेत नापास होतो, दोन्ही हात लागतात. तरी नाव घेतो. नॉडिंग हेड्स गेम्स ही पुण्याची छोटी कंपनी. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी रेटत राहिले, २०२० मध्ये गेम बाहेर आला आणि त्याच वर्षी जगातल्या मोठ्या गेम पुरस्कारांत पहिल्या कलाकृतीच्या गटात नामांकनापर्यंत गेला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची गोष्ट, आपल्याकडच्या देवदेवतांची आणि महालांची. सुट्टीच्या दिवशी, घरी, बसून.

आता लाल क्रेट.

पैसे लावून खेळायच्या सगळ्या गोष्टी त्यात. २०२३ च्या ऑक्टोबरात आपल्याच पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाने मोबाइलवर क्रिकेटचा आभासी संघ लावून दीड कोटी रुपये जिंकले. अभिनंदन स्वीकारून होतंय तोवर हातात निलंबनाचा आदेश. वर्दीत मुलाखत दिली, हेही कारणांत होतं. त्या आठवड्यात आमच्या चौकातल्या प्रत्येकाने संघ लावला आणि प्रत्येकाला निलंबन चालणार होतं. पुढे २०२५ च्या जुलैत राज्याच्या कृषिमंत्र्यांचा विधान परिषदेत मोबाइलवर पत्त्यांचा डाव उघडलेला व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो, असं त्यांनी सांगितलं. महिना संपता संपता त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. फौजदाराला आणि मंत्र्याला वेगळी लेव्हल असते, एवढंच आपण समजून घ्यायचं. ऑगस्टात केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाच केला, त्यामुळे मला यावर जास्त शाई घालवायची गरज उरली नाही.

त्याच क्रेटमध्ये 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' टाकला, तेव्हा भाचा उठूनच उभा राहिला. तो गेली चार वर्षं हाच खेळतोय. दुसरा गेम विचारायला आला होता तो याच्या जोडीला. फिनलंडचा हा गेम २०१२ पासून माणसं धरून आहे. किल्ला बांधायचा, भिंती घालायच्या, तोफा चढवायच्या, दुसऱ्याच्या किल्ल्यावर चाल करायची. नेट लागतं, आणि हल्ला मध्येच थांबवता येत नाही. बरं, बांधकामाला बिल्डर असतो आणि काम पुढे पुढे इतकं लांबतं, की दिवसच्या दिवस वाट बघा, नाहीतर हिरे मोजून लवकर करून घ्या. ताबा उशिरा देणारा आणि मध्ये जादा पैसे मागणारा बिल्डर मोशी-चऱ्होलीच्या माणसाला मोबाइलमध्येही लागतो, याचं मला फार वाईट वाटलं.

"अरे पण मामा, यात डोकं लागतं. किल्ला लढवायचा असतो."

"किती वेळ?"

"हल्ला तीन मिनिटांचा असतो."

मग मी त्याला किल्ला लढवणं कशाला म्हणतात ते सांगायला घेतलं. १६६० च्या जूनमध्ये शाइस्ताखान पुण्याहून निघून चाकणच्या संग्रामदुर्गावर आला. किल्ला भुईकोट. ना डोंगर, ना कडा. भिंत, बुरूज, खंदक, एवढाच आधार. समोर मोगलांची प्रचंड फौज आणि आत मूठभर शिबंदी घेऊन फिरंगोजी नरसाळा. त्याने तो भर पावसात सुमारे पंचावन्न दिवस लढवला. तोफांनी होईना, तेव्हा खानाने भुयार खणून सुरुंग लावला आणि ऑगस्टच्या मध्याला एक बुरूज उडवला. भगदाड पडल्यावरही आतल्यांनी एक दिवस दम काढला. मग किल्ला गेला. खानाने फिरंगोजीला मोगलांची चाकरी देऊ केली, ती त्याने घेतली नाही.

हे मी जेवण थंड होईपर्यंत सांगितलं. भाच्याने मान डोलवत ऐकलं. मग विचारलं, "पण मामा, हा किल्ला आहे कुठे?"

"तुझ्या बसच्या वाटेवर, चाकण गावातच." भिंतीचे आणि बुरुजांचे अवशेष अजून उभे आहेत. दीड वर्ष तो रोज त्याच्याजवळून जातोय, खाली मान घालून स्वतःच्या किल्ल्याची भिंत वाढवत. ती आता लेव्हल अकराची झाली आहे.