पुणे मुक्कामी प्रथमच जाणाऱ्यांसाठी जाबता

कर्जत अथवा खालापूर तालुक्यातील ज्या गृहस्थास पुणे पाहण्याची इच्छा उत्पन्न झाली असेल, त्याने पूर्वजांचे स्मरण करूनच घराबाहेर पाऊल टाकावे. कारण १८५६ साली मुंबईची आगगाडी खोपोलीस पोहोचली आणि १८५८ साली खंडाळ्याहून पुण्याची गाडी सुरू झाली, तरी मधला बोरघाट लोहमार्गाने जोडला जाण्यास १८६३ साल उजाडावे लागले, आणि तोवर पुण्यार्थी मनुष्य पालखी, तट्टू किंवा स्वतःचे पाय यांपैकी जे परवडेल त्यावर विसंबून घाट चढत असे. हल्ली गाडी कर्जतला थांबते, घाटासाठी तिला मागून जादा इंजिने जोडतात आणि तेवढ्या अवकाशात मुंबईचे उतारू बटाटेवड्यासाठी फलाटावर धाव घेतात. नेमक्या त्याच घटकेस आत शिरून रिकाम्या जागेवर बसावे. मूळ कब्जेदार वड्याची पुडी घेऊन परतल्यावर आपल्या वहिवाटीचा दाखला देऊ लागेल. त्यास लोणावळ्यापर्यंत उत्तर देऊ नये.

मुक्काम अर्थातच सदाशिव पेठेत, आत्याकडे. सोबत कडवे वाल न्यावेत.

पत्ता विचारणाऱ्याची पुण्यात प्रथम जबानी होते. कोणाकडे जायचे, काय कामासाठी, किती दिवस, आणि निघण्यापूर्वी यजमानांकडून व्यवस्थित खुणा का मागवून घेतल्या नाहीत, या सर्व मुद्द्यांचा यथास्थित खुलासा झाल्याखेरीज डावीकडे की उजवीकडे हा निकाल मिळत नाही. म्हणून घाईत असणाऱ्याने पत्ता न विचारता हरवावे, त्यात वेळ कमी जातो. वारांच्या पेठांची मात्र धास्ती नको. आपल्याकडचा वार बाजार भरवून निघून जातो, येथला पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी ठाण मांडून बसला आहे. मंगळवारी शुक्रवारात शिरून बुधवारातून बाहेर पडण्यास कोणाचीही हरकत नसते.

शनिवारवाड्यात वाडा शोधू नये. पहिल्या बाजीरावांनी १७३० साली ज्याचा पाया घातला, तो प्रासाद १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. तटबंदी, नगारखाना आणि हत्तींच्या धडकेस अटकाव करणाऱ्या अणकुचीदार खिळ्यांचा दिल्ली दरवाजा एवढा ऐवज शिल्लक असून आत हिरवळ आणि जोती आहेत. प्रत्येक जोत्यासमोर क्षणभर थांबून गंभीर चेहऱ्याने मान हलवावी, म्हणजे सोबतची मुले 'इथे काय होतं?' हा प्रश्न दुसऱ्या कोणास तरी विचारतात. दुपारी एक ते चार दुकानदारास उठविण्याचा प्रयत्न केल्यास परिणामांची जबाबदारी प्रस्तुत लेखकावर नाही.

चारनंतर आत्या तुळशीबागेत नेते. नारो आप्पाजी खिरे यांनी पेशवाईत उभारलेल्या तेथील राममंदिराचे शिखर निवांत न्याहाळावे, असा आपला मानस असतो; परंतु आत्याच्या यादीत पिना, गाळणी, निरांजन आणि शेजारणीच्या नातीसाठी भातुकली असल्याने आपल्या वाट्यास दर्शनाऐवजी पिशव्या येतात. भाव करण्याची मसलत सर्वस्वी तिच्यावर सोपवावी. आपण मध्ये बोललात, तर भाव वाढतो.

खरी कसोटी रात्रीच्या जेवणानंतर लागते. सुपारी कातरीत आतोबा सहज विचारतात, 'तुमच्याकडे पाहण्यासारखं असं काय आहे हो?' येथे महडच्या वरदविनायकाचा उल्लेख करू नये, अष्टविनायकांच्या यात्रेत ते तेथे जाऊन आलेले असतात आणि वाहनतळाविषयी त्यांची तक्रार असते. उंबरखिंडीचे नाव काढल्यास लढाईचा तपशील तेच सांगू लागतात. तेव्हा शांतपणे म्हणावे की, नाना फडणिसांनी खोपोलीस वीरेश्वराचे देऊळ आणि तळे बांधविले. यावर काही काळ स्तब्धता पसरते. मग, नाना पुण्याचे, सबब तळेही वस्तुतः पुण्याचेच, असा निवाडा आतोबा देतात. तो बिनशर्त मान्य करावा, कारण जादा गादी कोणत्या खोलीत घालायची, हा प्रश्न तोवर निकालात निघालेला नसतो.