भिकूच्या पक्षातले गृहस्थ

सिनेमावर बोलणारी माणसं महाराष्ट्रात पैशाला पासरी मिळतात. पण इतर सगळे सिनेमे बाजूला ठेवून फक्त ‘सत्या’ आणि ‘कंपनी’ यांचीच तुलना करणारा गृहस्थ हा वेगळाच वाण. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी बँकेत, विम्यात नाहीतर महापालिकेत. लोकलचा पास संपायच्या आदल्या दिवशी नवा काढून ठेवणारा, रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला थांबणारा. हाती आलेलं सगळ्यात जहाल हत्यार म्हणजे कागदांना भोकं पाडायचं पंचिंग मशीन. आणि हा माणूस मुंजीच्या पंगतीत मठ्ठ्याचा पेला खाली ठेवून शेजारच्याला विचारतो, “गेम कुणाची जास्त चटका लावते हो? ‘सत्या’तल्या भिकूची की ‘कंपनी’तल्या मलिकची?” शेजारी बटूचा मामा असतो. त्याला वाटतं, मुलांच्या मोबाईलवरच्या गेमबद्दल चाललंय.

रामगोपाल वर्मांचा ‘सत्या’ ३ जुलै १९९८ ला लागला आणि ‘कंपनी’ १२ एप्रिल २००२ ला. या दोन तारखांच्या मधल्या जगाच्या घडामोडी गृहस्थांना जेमतेम आठवतात. तारखा मात्र पाठ.

ते अर्थातच ‘सत्या’वाले. पहिलं कारण कलेचं नसून आडनावांचं. भिकू म्हात्रे, भाऊ ठाकूरदास झवळे, वकील मुळे, इन्स्पेक्टर खांडिलकर. हिंदी सिनेमात मराठी माणूस म्हणजे फार तर हवालदार नाहीतर भांडी घासणारी बाई, अशी पिढ्यान् पिढ्यांची सवय असताना इथे अख्खी टोळीच आपली! या अभिमानाला धक्का लावायचा नसेल तर कलाकारांची गावं काढू नयेत. भिकू झालेले मनोज बाजपेयी बिहारातल्या बेतियाकडचे, भाऊ झालेले गोविंद नामदेव मध्य प्रदेशातल्या सागरचे, दिग्दर्शक हैदराबादेतून आलेला आणि कॅमेऱ्यामागे जेरार्ड हूपर नावाचा अमेरिकन. घरची हक्काची म्हणावीत तर ऊर्मिला मातोंडकर आणि मकरंद देशपांडे. त्यातले देशपांडे ‘सत्या’त वकील मुळे होऊन मरतात आणि ‘कंपनी’त निवेदकाच्या आवाजात परत येतात. गृहस्थांना हे पक्कं ठाऊक आहे आणि ते याला पुनर्जन्म म्हणतात.

पण त्यांचा खरा शोध वेगळाच. बाजपेयींनी भिकूच्या बोलण्याचा बाज आपल्या स्वयंपाक्याकडून उचलला आणि तो स्वयंपाकी कोल्हापूरचा, हे कुठेतरी वाचल्यापासून ते अस्वस्थ असतात. म्हात्रे म्हणजे उरण-अलिबागकडचे. त्यांच्या तोंडी कोल्हापूर कसं चालेल? एकदा हा प्रश्न त्यांनी ऑफिसातल्या खऱ्याखुऱ्या म्हात्र्यांना टाकला. म्हात्रे म्हणाले, “मी सिनेमे बघत नाही.” गृहस्थांनी त्यांच्याशी आठवडाभर जेमतेम कामापुरतं बोलणं ठेवलं.

वर्मांनी सांगितलेली एक गोष्ट तर त्यांना प्रसादासारखी वाटते. ऑगस्ट १९९७ मध्ये संगीत-निर्माते गुलशनकुमारांचा खून झाला. त्यांचा त्या सकाळचा दिनक्रम ऐकता ऐकता वर्मांच्या डोक्यात आलं की मारणाऱ्याची सकाळ कशी गेली असेल? साडेदहाला मारायचं ठरलं असेल तर तो उठला किती वाजता? नाश्ता आधी केला की नंतर? गृहस्थांच्या मते जागतिक सिनेमाने विचारलेला हा सर्वांत मोठा प्रश्न. त्यांचा स्वतःचा नाश्ता सव्वाआठला असतो आणि पोहे पाच मिनिटं उशिरा आले की चेहऱ्यावर भिकू येतो, एवढं घरचे सांगतात.

‘कंपनी’वर त्यांचा राग आहे, पण कारण विचारलं की भाषण लांबतं. “अहो, त्यात माणसं फोनवर बोलतात! केनिया काय, हाँगकाँग काय. हा तिकडून सांगणार, तो इकडे मारणार. ही काय टोळी आहे?” नेमकं तेच तर त्या सिनेमाचं म्हणणं आहे. पटकथा जयदीप साहनींची, आणि ते आधी कॉम्प्युटर आणि जाहिरातींच्या धंद्यात नोकऱ्या करून आलेले. दाऊद आणि छोटा राजन यांच्या बेबनावाचा सांगाडा घेऊन त्यांनी मांडलं ते एका फर्मचं फाटणं. टोळीप्रमुख मलिकचा उजवा हात चंदू. त्याच्याकडे ज्या मंत्र्याला मारायचं काम असतं त्याच्या गाडीत मुलं आहेत, हे कळल्यावर तो ते थांबवतो. मलिक त्याला बगल देऊन ते परस्पर उरकायला लावतो. पुढचा सगळा रक्तपात या एका वरून आलेल्या निरोपातून. हाताखालच्या माणसाला न विचारता त्याची फाईल भलत्याच टेबलावरून मंजूर करून घ्यावी, तसं. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हा प्रसंग पोटात खुपायला हवा. खुपतोही, म्हणूनच तो आवडत नाही. जे दिवसभर केबिनमध्ये सोसलं तेच संध्याकाळी तिकीट काढून कोण बघणार? बांधणीच्या दृष्टीने ‘कंपनी’ सरस आहे असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे, पण ते गृहस्थांसमोर मांडण्यात अर्थ नाही.

गंमत म्हणजे ‘सत्या’च्या या भक्ताला सत्याचं काहीच घेणंदेणं नाही. ना आडनाव, ना गाव, ना मागचापुढचा इतिहास, जे. डी. चक्रवर्तींनी तो कमी बोलून उभा केला आणि सगळा उजेड शेजारच्याने नेला. बाजपेयींनाही म्हणे आधी सत्याच व्हायचं होतं. पुढे भिकूने त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. सत्याबद्दल छेडलं की गृहस्थ सभ्यपणे म्हणतात, “हो हो, तोही होता की त्यात.”

घरातला विरोधी पक्ष मात्र तयारीचा आहे. वहिनींच्या मते भिकूच्या घरात भाई एकच, ती म्हणजे त्याची बायको प्यारी. शेफाली शहांनी एवढ्याशा भूमिकेत त्याला जागेवर आणलंय. आणि ‘कंपनी’तली चंदूची आई? “अहो, ‘दीवार’पासून आपण रडणाऱ्या आया बघतोय. ती सीमा बिस्वास बघा, मुलाच्या धंद्यावरून देवापुढे हुंदके देत बसत नाही.” गृहस्थ अशा वेळी पंखा एकने वाढवतात.

सिनेमाने त्यांच्या वागणुकीत काही कायमचे बदल केलेत. ‘सत्या’त ‘बॉर्डर’चा खेळ चालू असताना गोळी सुटते आणि चेंगराचेंगरी होते, तेव्हापासून हे थिएटरात दाराजवळचीच सीट घेतात. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर गेले की सगळ्यांची नजर मूर्तीकडे आणि यांची गर्दीत. “अशाच गर्दीत सत्याने भाऊला गाठलं,” असं ते मंडळातल्या पोरांना दबल्या आवाजात सांगतात. पोरांना वाटतं खरंच खून झालेला. एकाने तर बंदोबस्ताच्या पोलिसाला विचारलं. गृहस्थ गुलालासकट गर्दीत नाहीसे झाले.

तिसऱ्या सिनेमाचं नाव काढू नये. ‘डी’ बाद, कारण दिग्दर्शक विश्राम सावंत, वर्मा नुसते निर्माते. ‘सरकार’ बाद, कारण तो ‘गॉडफादर’ला मुजरा. ‘आग’बद्दल विचारणाऱ्याला चहा मिळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ‘सत्या’ पुन्हा लागला, तो पाहून वर्मांना रडू आलं आणि आपण यशाच्या धुंदीत वाहवत गेलो अशी कबुली त्यांनी जाहीरपणे दिली. गृहस्थांनी ती फॅमिली ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, “उशिरा का होईना.”

अलीकडे न्यू जर्सीतल्या पुतण्याने त्यांना कळवलं की हेच भांडण तिकडे स्कोर्सेसींच्या ‘गुडफेलाज’ आणि ‘कसिनो’वरून चालतं. दिग्दर्शक तोच, लेखक निकोलस पिलेगी तोच, डी नीरो आणि जो पेशी दोन्हीकडे, मध्ये पाच वर्षं. काकांनी ‘गुडफेलाज’ लावला. पेशी ठेंगणा, तापट, बोलघेवडा. सिनेमा खिशात घालून सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नेलेला. मोठा मान मिळणार म्हणून नटूनथटून जातो आणि आपल्याच माणसांकडून मागून गोळी खातो. काकांनी रात्री एकला फोन केला. “हा तर आपला भिकू! निवडणुकीच्या आनंदात भाऊने उडवला तसाच. चोरलाय सरळसरळ!”

“काका, ‘गुडफेलाज’ १९९० चा आहे. ‘सत्या’च्या आठ वर्षं आधीचा.”

काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “म्हणजे आधीच चोरून ठेवला होता.”