श्रद्धेचे नियम व पोटनियम

गिरगाव ते लालबाग पट्ट्यातील भाविकाची श्रद्धा अढळ असते; तिला फक्त पंचांग लागते. श्रावण पाळण्याचा पहिला विधी आषाढ अमावास्येस, म्हणजे गटारीला, मटणाच्या दुकानासमोर होतो. तिथे भल्या पहाटे पिशवी घेऊन उभा राहणाराच पुढचा महिनाभर घरात अंडेही येऊ देत नाही. काही घरांत हा संयम गणपती जाईपर्यंत चालतो. मात्र गौरीला तिखटाचा नैवेद्य असेल, तर गणपतीपुढे पडदा ओढून मटण वाढले जाते. देव सर्वज्ञ आहे, पण पडद्याआडचे त्याला दिसत नाही, असे येथे गृहीत असते.

नवस हा या श्रद्धेचा व्यवहारी भाग. आधी देवाने काम करायचे, पेढे नंतर. आगाऊ रक्कम देण्याची पद्धत नाही.

देवापुढे सगळे सारखे, हा सिद्धांत सर्वमान्य आहे. १९३४ साली लालबागमध्ये कोळी आणि किरकोळ विक्रेत्यांनी बाजाराच्या हक्काच्या जागेसाठी केलेला नवस फेडायला गणपती बसवला. आज त्याच गणपतीला नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी आणि ओळखीच्या माणसांची वाट तिसरी. या वाटेवर रांग नसते.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, रुग्णालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. परळ म्हणजे केईएम, वाडिया आणि टाटा. विघ्नहर्त्याच्या मिरवणुकीतले ढोल आणि डीजे यांना हे आकडे ऐकू जात नाहीत. मात्र रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला की तीच गर्दी क्षणात दुभंगते, हेही नोंदवले पाहिजे.

अपवाद आहेत. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो. मूर्ती अजून लहान आणि शाडूचीच असते, मिरवणूक पालखीतून निघते. असे भाविक बातमीत क्वचितच येतात, कारण त्यांच्यामुळे वाहतूक वळवावी लागत नाही.

विसर्जनानंतरच्या सकाळी दादर आणि गिरगाव चौपाटीवर भंगलेल्या मूर्तींचे अवशेष पालिकेचे सफाई कामगार आणि स्वयंसेवक गोळा करतात. ज्यांनी दहा दिवस आरत्या म्हटल्या, ते तेव्हा झोपलेले असतात. देवाला मानणारे या शहरात लाखो आहेत. देवाचे मानणारे मात्र पहाटे चौपाटीवर मोजून घ्यावेत.